फी भरण्याआधी तीस सेकंद ऐका

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "मुलगी अ‍ॅनिमेशन करायचं म्हणते. यात पुढे काही आहे का हो?" खासगी संस्थांची फी लाखांत जाते, त्यामुळे ही काळजी अगदी रास्त आहे. माझं सांगणं एवढंच असतं : प्रवेश घेण्याआधी तिला तीस सेकंदांची एक फिल्म पूर्ण करू द्या, आणि ती आवाजासकट. चित्र हलवण्याची हौस पुष्कळांना असते. त्याला आवाज द्यायला बसलं की धीर लागतो, कान लागतो आणि हातात घेतलेलं काम तडीस न्यावं लागतं. मुलाचा कल ओळखण्याची याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही.

नवशिकी मुलं सहसा आधी सगळं चित्र उरकतात आणि शेवटच्या रात्री इंटरनेटवरून एखादं गाणं उचलून खाली चिकटवतात. व्यावसायिक कामात, निदान संवाद असलेल्या प्रसंगांत, क्रम बहुधा उलटा असतो. आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि तो ऐकत अ‍ॅनिमेटर चित्रं काढतो. (जपानी अ‍ॅनिमेत मात्र चित्रं पाहून नंतर आवाज देण्याची पद्धत रूढ आहे.) या क्रमामागे हिशेब आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवलं, तरी तीस सेकंदांना ३६० चित्रं होतात. संवाद मागाहून लांबला, तर त्यातली कितीतरी पुन्हा काढावी लागतात.

ओठ जुळवायला मराठी मुलांना बाहेरचा तक्ता शोधायची गरज नाही, वर्णमाला पुरते. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. 'आ'ला तोंड उघडतं, 'ई'ला ओठ ताणले जातात, 'ओ' आणि 'उ'ला ते गोल होतात. 'व'ला खालचा ओठ दातांजवळ जातो. क, ग, ट, त बाहेरून फारसे दिसतच नाहीत. एवढे पाच-सहा आकार आरशासमोर बसून काढले की सुरुवातीचं काम भागतं. ओठ मिटण्याचा क्षण तेवढा चुकवू नये. 'आई, पाणी' म्हणताना 'प'ला ओठ उघडे राहिले, तर बघणाऱ्याला लगेच खटकतं.

ध्वनिमुद्रणासाठी सुरुवातीला मोबाइल पुरतो. पंखा बंद करा, दारं-खिडक्या लावा, कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर आणि पाठीमागे टांगलेली गोधडी, एवढ्यानं खोलीतला घुमारा बराच कमी होतो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरावा, म्हणजे 'प', 'फ'चा फुंकर मारल्यासारखा आवाज थेट माइकवर आदळत नाही. शक्य असेल तर मुद्रण वेव्ह स्वरूपात आणि ४८ किलोहर्ट्‌झवर करावं. पातळी लाल खुणेपर्यंत जाऊ देऊ नये, कारण फाटलेला आवाज नंतर धड सुधारत नाही. शेवटी कुणीही न बोलता त्याच खोलीचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवावा. संवादांमधल्या फटी बुजवायला तो लागतोच.

आणि पात्र आजीचं असेल, तर आजीलाच बोलवा. सॉफ्टवेअरमधून जाड-बारीक केलेल्या आवाजात तिचा हेल येत नाही. घरात मालवणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल, तर पात्रांना तीच बोलू द्या.

संवादाशिवायही गोष्ट सांगता येते. पिक्सारची १९८६ची 'लक्सो ज्युनियर' जेमतेम दोन मिनिटांची आहे. दोन टेबल-लॅम्प, चेहरा नाही, एक शब्द नाही. तरी मोठा दिवा पालक आणि धाकटा दिवा खोडकर पोर आहे, हे कळायला क्षण लागत नाही. त्यात गॅरी रिडस्ट्रॉम यांच्या ध्वनीचा वाटा मोठा आहे. पावलं, कपड्यांची सळसळ, वस्तूंची आदळआपट असे आवाज चित्र पाहून नव्यानं काढण्याच्या कामाला जॅक फोली यांच्या नावावरून फोली म्हणतात. करवंट्या आपटून घोड्याच्या टापा, ताटात तांदूळ ओतून पाऊस, मुळा मोडून हाडाचा कडकडाट : मूल स्वयंपाकघरात असला उद्योग करताना दिसलं, तर त्याला ओरडू नका.

हे आवाज नीट करून चित्राखाली जुळवायला ऑडॅसिटी, ब्लेंडर आणि डा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ही सॉफ्टवेअर आहेत. धाकट्यांना स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग साधनातच आवाज मुद्रित करता येतो.

एका बाबतीत मात्र पालकांनी लक्ष घालावं. चित्रपटातलं गाणं परवानगीशिवाय वापरू नये. फ्रीसाउंडसारख्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक ध्वनीचा परवाना वेगळा असतो. काही पूर्ण मोकळे, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. एआयनं दुसऱ्याचा आवाज हुबेहूब बनवण्याचा मोह तर टाळावाच. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराला अंतरिम मनाई केली आहे.

आता पोटापाण्याचं. हा सराव करताना काहींना कळतं की आपला जीव चित्रापेक्षा आवाजात जास्त रमतो. तोही मोठा रस्ता आहे. मेघना एरंडे यांनी निंजा हातोरी या कार्टूनपात्राला हिंदीत आवाज दिला. 'स्लमडॉग मिलेनियर'च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षण संस्थेत शिकले. मात्र तिथल्या ध्वनिविभागाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवीबरोबर बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट राहिली आहे. दहावीनंतर शाखा निवडतानाच हे ध्यानात ठेवा आणि त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. चित्राकडेच ओढा असेल, तर अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईची आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी अकरावीपासून करावी. नोकरीची हमी कुठलीच संस्था देऊ शकत नाही. तशी जाहिरात दिसली, तर मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

तीस सेकंदांची फिल्म तयार झाली की घरातल्या सगळ्यांनी ती दोनदा अनुभवावी. एकदा आवाज बंद करून नुसती पाहावी, एकदा डोळे मिटून नुसती ऐकावी. दोन्ही वेळा गोष्ट थोडीफार कळली आणि मूल आपणहून पुढची फिल्म करायला बसलं, तर प्रवेश-अर्ज आणायला हरकत नाही. तोवर फीचे पैसे बँकेतच राहू द्या.