वाचकांचे प्रश्न : नातवंडे परदेशी काकांकडे जातील, पण कोणत्या कागदावर?

प्रश्न : मी कामशेतजवळच्या एका खेड्यात राहतो. गेल्या वर्षी माझा धाकटा मुलगा आणि सून द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले. मागे नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू आहे. आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढचे. थोरला मुलगा न्यू जर्सीत असतो, तो तिकडचाच नागरिक आहे. त्याला स्वतःचा एक मुलगा आहे. तो आणि थोरली सून दोन्ही मुलांना दत्तक घ्यायला मनापासून तयार आहेत. ओळखीतले एक जण म्हणतात, वडगावला जाऊन दत्तकपत्र नोंदवून टाका, बाकीचे व्हिसाचे तो तिकडून बघेल. असे केले तर चालेल का? शिवाय मुलांच्या वडिलांच्या नावावर सव्वा एकर जमीन आहे. दत्तक दिल्यावर तिच्यावरचा मुलांचा हक्क जाईल का?

उत्तर : दत्तकपत्र नोंदवू नका. उत्तर एवढ्या तातडीने देतो, कारण अशी नोंदवलेली दत्तकपत्रे घेऊन माझ्याकडे येणाऱ्या घरांची मला चांगलीच सवय आहे. शिक्के व्यवस्थित असतात, साक्षीदारांच्या सह्या असतात, आणि त्या कागदावर मूल मात्र विमानात बसू शकत नाही.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या डोक्यात १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. त्यातही तुमची दोन ठिकाणी अडचण होते. आईवडील दोघेही हयात नसतील तर मूल दत्तक देण्याचा अधिकार पालकाला असतो, पण त्यासाठी न्यायालयाची आधी परवानगी लागते. आजोबा म्हणून मुले तुमच्या घरी, तुमच्या ताटात जेवतात. तरी तेवढ्याने ही परवानगी टळत नाही. दुसरे म्हणजे, थोरल्या मुलाला मुलगा आहे, आणि या कायद्याखाली मुलगा असणाऱ्याला आणखी मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे नात जाईल आणि नातू राहील. आईवडील गेलेल्या भावंडांची ताटातूट करणारा कागद तुमच्यातल्या कोणालाच नको असेल.

पण खरा मुद्दा याहून मोठा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५६ नुसार परदेशात जाणारे प्रत्येक दत्तक त्याच कायद्याने आणि त्याखालच्या विनियमांनीच व्हावे लागते. आदेशाशिवाय मूल परदेशी नेणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नात्यातले मूल असले तरी यातून सूट नाही.

नात्यातल्यांसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, आणि ती तुमच्या घराला बरोबर लागू पडते. कलम ६० मध्ये परदेशातल्या नातेवाइकाने दत्तक घेण्याची तरतूद आहे. नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. काका त्यात आहेत. (चुलतभाऊ, आतेबहीण वगैरे मात्र यात बसत नाहीत. अनेकांचा इथे गैरसमज होतो.) पालकांच्या वयाच्या अटी आणि दोन मुले असणाऱ्यांवरचा निर्बंध नात्यातल्या दत्तकाला लागू नाहीत. मुलगा आधीच असल्याची अडचण या कायद्यात येत नाही.

सुरुवात न्यू जर्सीतून होते, वडगावातून नव्हे. तुमच्या मुलाने तिथल्या, भारताने मान्यता दिलेल्या दत्तक संस्थेकडे जायचे. ती त्यांच्या घराची, कमाईची, प्रकृतीची पाहणी करून अहवाल देते आणि दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नोंदणी करते. मग पुण्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष इकडे तुमच्या घरी येऊन मुलांच्या कुटुंबाची माहिती गोळा करतो. आईवडील नसल्यामुळे बाल कल्याण समितीची परवानगी लागते. हे कागद अमेरिकेत गेले, तिकडून होकाराचे पत्र आले, की कारा पूर्वमंजुरी देते, आणि त्यानंतर दत्तकाचा आदेश मागायचा. आदेश मिळाल्यावर काराचे ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा.

अमेरिकेच्या बाबतीत हा क्रम फारच कडक आहे. भारत आणि अमेरिका दोन्ही १९९३ च्या हेग कराराने बांधलेले आहेत, भारताने तो २००३ मध्ये मंजूर केला. त्यामुळे अमेरिकी नागरिकाला आधी आय-८००ए, मग ठरलेल्या मुलासाठी आय-८०० हा अर्ज करावा लागतो, आणि त्याला प्राथमिक मंजुरी मिळण्यापूर्वीच इकडे दत्तक उरकले तर तेच व्हिसाच्या आड येते. वडगावचे दत्तकपत्र नुसते निरुपयोगी नाही, ते तुमच्या नातवंडांचे नुकसान करील. तुमचा मुलगा तिथला नागरिक आहे, हे नशीब समजा. तो एच-१बी व्हिसावर असता तर ही दारे त्याला उघडलीच नसती.

आदेश देणार कोण, हा प्रश्न तुम्हाला बाल संरक्षण कक्षातच विचारावा लागेल. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि जानेवारी २०२३ मध्ये चालू प्रकरणे न्यायालयांतून हलवण्याला अंतरिम स्थगिती मिळाली. अर्ज लिहिण्याच्या दिवशी कोणता आदेश लागू आहे ते पाहूनच वरचा पत्ता घाला. मुलांच्या शाळेचे एक वर्ष यात जाईल, असे धरून चाला.

आता जमीन. तुमच्या मुलाची ती स्वतःची असेल, तर वारस तिघे : नात, नातू आणि त्याची आई, म्हणजे तुमच्या पत्नी. आई ही वर्ग एकची वारस आहे, हे सात-बाऱ्यावर वारस नोंद करताना अनेकदा विसरले जाते. (वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो, जुने फेरफार काढून दाखवा.) दत्तक जाण्यापूर्वी मुलाच्या नावावर आलेली मालमत्ता दत्तकानंतरही त्याचीच राहते, हे बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. मुले न्यू जर्सीत वाढली तरी मावळातल्या त्या तुकड्याचे मालक तीच.

मावळातल्या जमिनीचे भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. बंगल्यांसाठी जागा शोधणारे एजंट लवकरच दारात येतील. सात-बाऱ्यावर अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) म्हणून तुमचे नाव लागले तरी तेवढ्यावर मुलांचा हिस्सा विकता येत नाही. न्यायालयाने पालक म्हणून नेमणूक केली, आणि विक्रीची वेगळी परवानगी दिली, तरच. विसार घेऊ नका. व्यवहार पुढे मोडेल, आणि ज्याच्याकडून पैसे घेतले तो तुमच्याच दारात उभा राहील.

एक काम मात्र आजच करा. पाच वर्षांवरच्या मुलाची दत्तकाला स्वतःची संमती लागते. तुमची दोन्ही नातवंडे त्या वयाची आहेत. अधिकारी विचारतील तेव्हा पहिल्यांदा कानावर पडण्यापेक्षा आजी-आजोबांच्या तोंडून कळलेले बरे. कदाचित नात म्हणेल की मला इथेच राहायचे आहे. तेही ऐकून घ्या.

प्रश्न : लोणावळ्याला कैवल्यधामात योग शिकायला येणारे एक फ्रेंच दांपत्य आमचे स्नेही आहेत. जवळच्या एका बालगृहातल्या आठ वर्षांच्या मुलाचा खर्च ते तीन वर्षे उचलतात. आता त्यांना तोच मुलगा दत्तक घ्यायचा आहे. त्याची आई आहे, मजुरी करते आणि दिवाळीला त्याला घरी नेते. संस्थेचीही हरकत नाही.

उत्तर : आई दिवाळीला नेते, या एका वाक्यात उत्तर आले. तो मुलगा अनाथ नाही. आपल्या या पट्ट्यात, लोणावळ्याच्या अंतरभारती बालग्रामापासून भाज्याच्या संपर्क बालग्रामापर्यंत, मुलांना आधार देणाऱ्या संस्थांची परंपरा आहे. पण अशा संस्थेत राहणे म्हणजे दत्तकासाठी मोकळे असणे नव्हे. कितीतरी मुलांचे घर असते, फक्त त्या घरात दोन वेळचे जेवण आणि शाळेची फी नसते. गरिबी हे आईपासून मूल कायमचे तोडण्याचे कारण असू शकत नाही, असे मी ठामपणे मानतो.

मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाले, हे फक्त बाल कल्याण समिती जाहीर करते. आईने मूल सोपवले तरी फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. मोकळ्या झालेल्या मुलाला साठ दिवसांत भारतातले किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळाले नाही, तरच परदेशी पालकांचा विचार होतो. पाच वर्षांवरची मुले, भावंडे आणि विशेष गरजा असलेली मुले यांना परदेशी घरे तुलनेने लवकर मिळतात, कारण इथे त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही. त्या वेळीसुद्धा पालकांनी ‘हाच मुलगा’ असे बोट दाखवायचे नसते. तुमच्या स्नेह्यांना खरोखर पालक व्हायचे असेल तर त्यांनी फ्रान्समधूनच अर्ज करावा.

या मुलासाठी त्यांनी मदत चालू ठेवावी, आणि त्याच्या आईला कुठे बरे काम मिळेल हेही पाहावे. विदेशातून पैसे घ्यायला संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, तेवढे तपासा. रोख हातात देऊ नका.

प्रश्न : लोणावळ्यात एका नातेवाइकाला कोणी सांगितले आहे की एका अविवाहित मुलीचे बाळ ‘थेट’ मिळेल, दवाखान्याचा खर्च आणि वर काही रक्कम द्यायची. दुबईतल्या बहिणीला मूल नाही. कागद नंतर करता येतील का?

उत्तर : हा बालकाच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ नुसार पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. बाळ ज्याच्या ताब्यात आहे तोच यात असेल, दवाखान्यातला माणूस धरून, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे. आपल्या जिल्ह्याने हे भोगलेले आहे : पुण्यातल्या प्रीत मंदिर या दत्तक संस्थेच्या प्रकरणाचा तपास २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला होता. त्या मुलीला मदत हवी असेल तर तिने १०९८ वर फोन करावा. समितीसमोर बाळ सोपवता येते आणि तिचे नाव गुप्त राहते. तुमच्या बहिणीने दुबईतून रीतसर नोंदणी करावी. अनिवासी भारतीयांना परदेशी पालकांच्या आधी स्थान आहे.

प्रश्न : तळेगावात आमच्या शेजारी ऐंशीच्या दशकात युरोपात दत्तक गेलेली एक बाई येऊन गेली. तिच्याकडे फक्त पुण्यातल्या संस्थेचे नाव आणि एका गावाचे नाव आहे. आई शोधायला तिला मदत करू का?

उत्तर : तिला चहा द्या, जेवू घाला, पण गावात विचारपूस करत फिरू नका. पुण्यातून गेलेल्या तिच्यासारख्यांची संख्या मोठी आहे. त्या काळात परदेशी पालक १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली इथे फक्त पालकत्व घेत आणि दत्तक स्वतःच्या देशात करत. कागद अपुरे असत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नियम घालून दिले, तेव्हा कुठे याला शिस्त आली. त्यातूनच पुढे १९९० मध्ये कारा स्थापन झाली. सगळ्यांचीच कथा दुःखाची नाही. ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ मध्ये पुण्यात जन्मली आणि ससूनशी निगडित ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेली. मोठी होऊन ती ‘श्रीवत्स’ पाहायला परत आली होती.

मुळांचा शोध घेण्याचा हक्क अठरा वर्षांनंतर त्या व्यक्तीला स्वतःला असतो. तिच्या वतीने तिसऱ्याने शोध घेणे विनियमांना मान्य नाही, आणि त्याचे कारण फार मानवी आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुणाला न सांगता बाळ सोडून आलेली ती आई आज एखाद्या घरात आजी असेल. तिच्या अंगणात शेजारीपाजाऱ्यांसमोर हा प्रश्न पडला तर तिच्याजवळ उत्तर नसेल. म्हणून तिने तेव्हा ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर तिची संमती आधी घेतली जाते. त्या बाईंना काराकडे किंवा ज्या परदेशी संस्थेमार्फत ती गेली तिच्याकडे लेखी अर्ज करायला सांगा. राज्याचे महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच आहे, अर्जाची प्रत तिथेही देता येईल. अर्जासाठी मराठी कागद वाचून दाखवणारे कोणी तिला लागेल, ती मदत तुम्ही जरूर करा.