संगणक सल्ल्याचा व्यवसाय आणि विद्यार्थ्याचे पहिले काम

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंची अनेक मुले आता संगणकाचे शिक्षण घेत आहेत. शेवटच्या वर्षाच्या सुमारास त्यांतील पुष्कळजण एखाद्या कंपनीत काही महिने प्रत्यक्ष काम करतात. मुलगा घरी येऊन सांगतो, ‘आयटी कन्सल्टिंगमध्ये इंटर्नशिप मिळाली.’ वडिलांना प्रश्न पडतो, हा मशीन विकणार की दुरुस्त करणार? हे काम नेमके काय असते, ते आम्ही येथे एका उदाहरणाने मांडत आहोत.

सल्ला म्हणजे काय?

संगणक विकणे हा एक धंदा, तयार सॉफ्टवेअर विकणे हा दुसरा. सल्लागार कंपनीचे काम तिसरे. ती गिऱ्हाइकाचा व्यवहार समजून घेते, कागदावर मांडते, त्यातले कोणते काम संगणकाकडे द्यावे ते ठरवते आणि ते नीट चालू होईपर्यंत सोबत राहते. १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील नोंदी जुळवण्याचे काम होते. खाते जुळवणे आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही.

भिवंडीतील अनुभव

आमचा पुतण्या पुण्यात शिकत असताना एका लहान सल्लागार कंपनीत लागला. पहिलेच काम भिवंडीतील यंत्रमाग कारखान्याचे मिळाले. कारखाना मजुरीवर कापड विणून देणारा. व्यापाऱ्याचे सूत येते, सायझिंग होऊन बीम मागावर चढतात, तागे उतरतात आणि कारागिराला मीटरमागे मजुरी मिळते. सुताचा साठा, ताग्यांची नोंद आणि मजुरी, तिन्ही हिशेब मालकाला संगणकावर हवे होते.

पुतण्याने दोन दिवस मालकासमोर बसून सर्व माहिती लिहून घेतली. प्रोग्राम तयार झाला. पहिल्या आठवड्याची मजुरी निघाली आणि कारखान्यात आवाज चढले. एका कारागिराच्या हातात नेहमीपेक्षा बरीच कमी रक्कम आली होती आणि त्याच मागावरच्या दुसऱ्याला जास्त.

चूक अशी होती. एकच माग दोन पाळ्यांत दोन कारागीर चालवतात. समजा, तागा १०० मीटरचा आहे. दिवसपाळीने ६० मीटर विणले, रात्रपाळीने ४०, आणि तागा रात्री उतरला. प्रोग्रामने सगळे १०० मीटर रात्रपाळीच्या नावावर टाकले. प्रत्यक्षात पाळी बदलताना कारागीर कापडावर खूण करतात आणि त्या खुणेवरून मेहताजी वहीत दोघांचे मीटर वेगळे लिहितात. मालकाला ही गोष्ट इतकी रोजची की सांगावी असे वाटलेच नाही. पुतण्याने मेहताजींना विचारले नव्हते.

त्या रात्री त्याचा फोन आला. ‘चाचा, मी हे काम सोडतो.’ आम्ही एवढेच म्हणालो, ‘ज्याची मजुरी कमी आली, आधी त्याच्याकडे जा.’ तो गेला, चूक कबूल केली. मालकाने जुन्या वहीवरून त्याच दिवशी पूर्ण पैसे दिले आणि त्या कारागिरानेच पुतण्याला मागावर नेऊन खूण कशी करतात ते दाखवले. पुढचे तीन दिवस पुतण्या पाळी बदलताना मागांजवळ उभा राहिला. नंतर प्रत्येक ताग्यास दोन नोंदी ठेवल्या. चार आठवडे वही व संगणक दोन्ही चालवले. आकडे जुळले, मगच वही बंद झाली.

बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नव्हती. चूक विचारण्यात होती, आणि तिची किंमत एका कारागिराचे घर मोजणार होते.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे

१. मालकाबरोबरच जो हाताने काम करतो त्याला विचारा. नुसते विचारू नका, काम चालू असताना पाहा.
२. समजले ते साध्या भाषेत लिहा, वाचून दाखवा आणि मालकाची सही घ्या.
३. जुन्या वहीतील एका आठवड्याचे खरे आकडे घालून प्रोग्राम तपासा.
४. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा.

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे

१. विद्यार्थी आला तर कारखान्यातील एक जाणकार माणूस त्याच्या सोबतीस द्या.
२. उधारी, परतीचा माल, घट, तूट या रोजच्या गोष्टीही सांगा. आपल्याला पाठ असलेले त्याला ठाऊक नसते.
३. बँकेचा किंवा जीएसटीचा पासवर्ड देऊ नका. तपासणीसाठी जुन्या नोंदींची प्रत पुरते.
४. मजुरी संगणकावर आणताना निदान महिनाभर जुनी वही चालू ठेवा.
५. काम चांगले झाले तर लेखी पत्र द्या. पुढच्या नोकरीत ते त्याच्या उपयोगी पडते.

आपल्या मुलांजवळ एक भांडवल आधीपासून आहे. दुकानात, मागावर किंवा वर्कशॉपमध्ये ती वाढली आहेत. तागा, घट, उधारी हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकले आहेत. सल्ल्याच्या धंद्यात ही ओळख फार कामी येते. म्हणून मुलगा संगणक शिकतो आहे तेव्हा त्याला दुकानापासून दूर ठेवू नका. सुट्टीत महिनाभर हिशेबाला बसवा.