शंटिंगचे इंजिन

स्थानकाच्या आवारात एखादे ठेंगणे इंजिन चार-दोन वाघिणी पुढे लोटीत, मागे ओढीत असलेले तुम्ही पाहिले असेल. (मालाच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात, दचकू नका!) या कामास शंटिंग म्हणतात. दूरचा प्रवास या इंजिनाच्या कपाळी नसतो. परंतु डबे जुळविल्यावाचून मालगाडी निघणार कशी?

ब्रिटनमधील रेल्वे १९४८ साली राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हा तेथे हे काम बहुतांशी वाफेची इंजिने करीत. काम असो वा नसो, त्यांच्या भट्टीतील विस्तव जागता ठेवावा लागे. म्हणून १९५२ पासून त्या रेल्वेने आपल्याच कारखान्यांत डिझेलची शंटिंग इंजिने बांधावयास घेतली. १९६२ पर्यंत ९९६ इंजिने तयार झाली. पुढे ती 'वर्ग ०८' म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्यांची शक्ती अवघी ३५० अश्वशक्ती आणि वेग ताशी सुमारे २४ ते ३२ किलोमीटर! चपळ सायकलस्वारही त्यांना मागे टाकील. पण येथे वेगाचे काय काम? डिझेल यंत्र वीज निर्माण करते, तिच्यावर दोन मोटारी चालतात. मोटारी व चाके यांच्यामध्ये दातेरी चक्रे अशी बसविलेली असतात की, वेग घटतो आणि जोर वाढतो. सहाही चाके दांड्यांनी जोडलेली असल्यामुळे ती एकजुटीने रूळ धरतात, आणि वाघिणींची जड रांग जागची हलते.

खरी जोखीम रुळांलगतच्या माणसाची. वाघिणींच्या साखळ्या तो हाताने अडकवी. चालकाची दृष्टी त्याच्या हाताकडे, रात्री त्याच्या कंदिलाकडे. खूण दिसेनाशी झाली की इंजिन तत्काळ थांबवावयाचे.