हबल दुर्बीण: वय झाल्यावर कशी चालवावी

हबल 24 एप्रिल 1990 रोजी अवकाशात गेली. मे 2009 मध्ये अंतराळवीरांनी तिची शेवटची दुरुस्ती केली. स्पेस शटल 2011 मध्ये निवृत्त झाले, त्यामुळे आता जे करायचे ते जमिनीवरून आज्ञा पाठवूनच.

काय करावे

• चालता भाग राखून ठेवावा. 2009 मध्ये बसवलेल्या सहा नव्या जायरोस्कोपपैकी (दुर्बीण किती वेगाने वळते हे मोजणारी उपकरणे) तीन पुढे बंद पडले आणि चौथा चुकीची मापे देऊ लागला. उरले दोन. जून 2024 मध्ये नासाने त्यातला एकच वापरायचा आणि दुसरा राखीव ठेवायचा असे ठरवले. दुर्बीण एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळायला जास्त वेळ घेते, निरीक्षणे सुमारे 12 टक्क्यांनी घटली आणि मंगळापेक्षा जवळच्या फिरत्या पिंडांवर नजर ठेवता येत नाही. तरीही सौदा फायद्याचाच.

• कमी जायरोवर काम चालवण्याची पद्धत आधीच तयार ठेवावी. हबलची एका जायरोवरची पद्धत गरज पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी आखलेली होती.

• जुनी माणसे आणि जुनी कागदपत्रे जपावीत. जून 2021 मध्ये उपकरणे चालवणारा संगणक थांबला. संशय आधी मेमरीवर होता. महिनाभराच्या शोधानंतर राखीव वीजनियंत्रक जोडला, तेव्हा काम सुरू झाले. या शोधात मदतीला हबलवर पूर्वी काम केलेली मंडळी परत आली होती. यंत्रणा 1980च्या दशकातली. तिची खोड नव्या अभियंत्याला कुठून ठाऊक असणार?

काय टाळावे

• सेफ मोडमधून घाईने बाहेर काढू नये. त्या अवस्थेत दुर्बीण सुरक्षित असते. आधी कारण शोधावे.

• सूर्याच्या 50 अंशांच्या आत रोखू नये.

• धाडसी दुरुस्तीचा मोह टाळावा. हबलला स्वतःचे इंजिन नाही आणि हवेच्या विरळ थराच्या घर्षणाने तिची कक्षा खाली येत आहे. खाजगी यानाने तिला वर ढकलण्याचा प्रस्ताव अभ्यासून नासाने 2024 मध्ये तूर्त नाकारला, कारण त्यात दुर्बीणच वेळेआधी गमावण्याचा धोका होता. मला हा नकार शहाणपणाचा वाटतो. अर्थात, कक्षा आणखी खाली आली की हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

• झालेले निरीक्षण पुन्हा मागू नये. हबलचा जुना विदासाठा सर्वांना खुला आहे. नव्या वेळेसाठी अर्ज करण्याआधी तो चाळा.