मातीविना चारा : गोठ्याच्या पडवीत हिरवा मका



तोडणी चालू आहे तोवर वाढ्यांची ददात नसते. तोडणी आटोपली, ऊन तापू लागले, की कडब्याच्या गंजीकडे पाहून छातीत धस्स होते. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी गोठ्यात उभे राहून पाहिला त्यांना हे सांगायला नको. दावणीचे जनावर बाजाराकडे निघाले म्हणजे कास्तकाराच्या घरात त्या दिवशी चूल नीट पेटत नाही. अशा दिवसांत घरच्या घरी रोज दहा-बारा किलो हिरवे कसे काढावे, तेवढाच आजचा पाठ.

मातीविना रोप वाढवण्याची विद्या जुनी आहे. जर्मनीत १८६० च्या सुमारास झाक्स व नॉप यांनी क्षार मिसळलेल्या पाण्यात रोपे वाढवली. अमेरिकेत गेरिक यांनी १९३७ साली तिला हायड्रोपोनिक्स हे नाव दिले. आपल्याकडे १९४६ च्या सुमारास शाल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला साध्या सामानात प्रयोग केले. त्यांना पाण्यात खते घालावी लागत. चाऱ्याला तेही नको, कारण दाण्यातच कोंबाची आठवडाभराची शिदोरी असते. ती संपायच्या आत चारा दावणीत गेला पाहिजे, एवढे ध्यानात ठेवा. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रात २०१० नंतरच्या वर्षांत या चाऱ्यावर बरेच काम झाले, तेही मक्यावरच.

दोन गाईंना प्रत्येकी ६ किलो द्यायचा, तर रोज २ किलो मका भिजवावा लागेल. २ फूट × दीड फुटाच्या ट्रेत एक किलो मका मावतो. म्हणजे रोज २ ट्रे, आठ दिवसांचे १६, आणि धुवायला २ जास्तीचे. बांबूची चार थरांची मांडणी करा, ६ फूट लांब, २ फूट रुंद, दोन थरांत सव्वा फूट अंतर. एका थरावर चार ट्रे बसतात. ट्रेला एका टोकाला भोके पाडा आणि त्या बाजूला दोन बोटे उतार ठेवा. पाणी साचले की मका सडलाच समजा. मांडणीला तट्ट्या किंवा ओले गोणपाट लावा. उजेड हवा, ऊन नको. खाली पन्हळ धरली तर निथळलेले पाणी परसातल्या झाडाला जाते.

मका तीनदा धुवा, वर तरंगणारे दाणे काढून टाका. १२ ते २४ तास भिजवून ओल्या पोत्यात एक दिवस बांधून ठेवा. मोड फुटले की ट्रेत बोटभर जाडीने पसरा. मग दिवसभर दर दोन तासांनी थोडे पाणी शिंपडायचे. झारी चालेल, फवारणीचा पंपही चालेल. पण तणनाशकाला वापरलेला पंप कितीही धुतला तरी नको. सात-आठ दिवसांत वीतभर हिरवा मका आणि खाली मुळांची पांढरी गादी तयार होते.

आता हिशोब. एक किलो दाण्याचा पाच-सहा किलो चारा होतो, हे खरे. पण फुकटात सहापट झाले असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या! वाढले ते पाणी. किलोभर मक्यात सुमारे ८८० ग्रॅम कोरडा पदार्थ असतो. सहा किलो चाऱ्यात १३ टक्के धरला तर ७८० ग्रॅमच भरतो. कोंबाने वाढताना थोडा खाल्लाच की. म्हणून हा चारा कडब्याच्या जागी नाही, ढेपेच्या थोड्या भागाच्या जागी धरावा. कडबा-कुटार चालूच ठेवायचे. फायदा असा की जनावराला टंचाईतही हिरवे मिळते, आणि किलोमागे दोन-तीन लिटर पाण्यात काम भागते. विहिरीला पाणी आणि बांधाला गवत असताना ही खटपट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठी भीती बुरशीची. पावसाळी दमट हवेत माझे सलग चार ट्रे काळे पडले. दोष माझाच, ट्रे नुसते खंगाळून परत भरले होते. प्रत्येक वेळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. बुरशी दिसली की सगळा ट्रे उकिरड्यावर, वरवरची काढून उरलेला म्हशीला घालू नका. पेरणीचे औषध लावलेले बियाणे कधीच वापरू नका. घरात ज्वारी आहे म्हणून तीही भिजवू नका, कोवळ्या ज्वारीत विष असते आणि त्याने जनावर दगावते. शेगाव, संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातील बंधूंनी आधी मूठभर मका आपल्या पाण्यात भिजवून मोड नीट येतात का ते पाहावे.

पहिल्या दिवशी गाईला किलोभरच द्या. ती बहुधा मुळांची गादी हुंगून सोडते. हाताने फाडून कुटारात कालवा आणि चार दिवसांत हळूहळू वाढवत सहा किलोवर न्या.