ड्रम शिकणाऱ्याचा कान

गुरूकडे न जाता, मोबाइलवरील ध्वनिचित्रफिती पाहून ड्रमसेट वाजवायला शिकणाऱ्या तरुणांची एक ठरावीक तक्रार कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या परिचयाची झाली आहे. तासभर सराव झाला की कानांना दडे बसतात, रात्री अंथरुणावर पडल्यावर एक बारीक शिटी ऐकू येत राहते आणि सकाळी उठेपर्यंत ती बहुधा नाहीशी झालेली असते. या तक्रारीबरोबर एक स्पष्टीकरणही रुग्ण स्वतःच घेऊन येतो. ते असे, की सुरुवातीला प्रत्येकाला दडे बसतात, परंतु काही महिन्यांत हात जसा तयार होतो तसा कानही तयार होतो. या स्पष्टीकरणाचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध साफ चुकीचा. त्या उत्तरार्धावर विसंबून राहिल्यामुळे जे नुकसान होते ते पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नसल्याने, या एकाच समजुतीचा येथे सविस्तर विचार करणे इष्ट ठरेल.

हात तयार होतो, कारण स्नायूला विश्रांती मिळाली की तो आपली झीज भरून काढतो आणि पूर्वीपेक्षा बळकट होतो. आतल्या कानाची रचना याहून निराळी आहे. तेथे शंखाच्या आकाराची, द्रवाने भरलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. या नळीत सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी रांगेने बसलेल्या असतात आणि त्यांना रोमपेशी असे नाव आहे. ध्वनीमुळे द्रव हलतो, तंतू वाकतात आणि त्या वाकण्याचे रूपांतर श्रवणमज्जातंतूकडे जाणाऱ्या विद्युतसंदेशात होते. मोठ्या आवाजाने हे तंतू थकतात, वाकतात आणि आघात पुरेसा तीव्र किंवा वारंवार झाला तर पेशी मरते. पक्ष्यांमध्ये अशा मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी उगवतात. माणसाला मात्र जन्मतः मिळालेल्या रोमपेशींवरच आयुष्य काढावे लागते.

दडे बसणे आणि ते सुटणे या अवस्थेला वैद्यकशास्त्रात तात्पुरती श्रवणघट म्हणतात. रोमपेशी थकलेल्या असतात, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्या सावरतात आणि ऐकू येणे पूर्ववत झाल्यासारखे वाटते. ‘काही झाले नाही’ हा निष्कर्ष रुग्ण याच टप्प्यावर काढतो. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले, की श्रवणघट पूर्णपणे भरून निघाल्यावर आणि रोमपेशी शाबूत असतानाही त्या पेशींना श्रवणमज्जातंतूशी जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. माणसाच्या कानात हे नेमके किती प्रमाणात घडते यावर अद्याप संशोधन चालू आहे. परंतु नेहमीच्या तपासणीत दोष सापडत नाही आणि तरीही चार माणसांच्या गलक्यात समोरच्याचे बोलणे नीट कळत नाही, असे रुग्ण दवाखान्यात दिसतात ही गोष्ट निर्विवाद आहे. आवाज पूर्वीइतका बोचत नाही म्हणून कान सरावला असे मानणाऱ्याने ही शक्यता ध्यानात ठेवावी, की न बोचण्याचे कारण ऐकू कमी येणे हेही असू शकते.

मधल्या कानात एक छोटा स्नायू असतो, तो मोठ्या आवाजाला आखडतो आणि आत जाणारा ध्वनी काहीसा रोखतो, अशी माहिती आंतरजालावर ‘कानाचे नैसर्गिक कवच’ या नावाने पसरलेली आहे. माहिती खोटी नाही, मात्र त्या स्नायूला आखडण्यास क्षणाचा काही अंश लागतो. स्नेअरवर, म्हणजे मांडीच्या उंचीवर ठेवलेल्या तारांच्या लहान ड्रमवर, काठी आपटल्याचा दणका त्याआधीच आत पोहोचलेला असतो.

आवाजाच्या मात्रेचा हिशेब येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तो बहुतेकांच्या अंदाजाबाहेरचा असतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. त्यानुसार ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे मिळतात. बंद खोलीत जोमाने वाजवलेला ड्रमसेट वादकाच्या कानाशी १०० डेसिबलचा टप्पा सहज गाठतो आणि झांजांचे व स्नेअरचे क्षणिक दणके त्याच्याही बरेच वर जातात. याचा अर्थ असा, की पहिले गाणे बसवेपर्यंतच दिवसभराचा वाटा संपलेला असतो.

स्वतः शिकणाऱ्याच्या बाबतीत हा धोका अधिक का, हे समजून घेण्यासारखे आहे. शिक्षक समोर असेल तर तो पहिल्याच आठवड्यात ‘हळू वाजव’ असे बजावतो आणि काठीला चामड्यावरून स्वतःहून उसळू द्यायला शिकवतो. पडद्यावरचा वादक मात्र शिकणाऱ्याचे काहीच ऐकत नसतो. शिवाय चित्रफितीतील ड्रमचा भरदार आवाज हा प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी लावलेल्या मायक्रोफोनचा आणि नंतरच्या संस्करणाचा परिणाम असतो. वादकाचा हात पुष्कळदा हलकाच पडत असतो. तो भरदारपणा आपल्या खोलीत केवळ मनगटाच्या जोरावर आणू पाहणारा विद्यार्थी साहजिकच आपटू लागतो. त्यात तो गाण्याबरोबर वाजवण्यासाठी साधे इअरफोन लावतो आणि झांजांच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून त्यांचा आवाज चढवतो, त्यामुळे कानावर एकाच वेळी दोन भार पडतात. सराव लांबला की कान थकून झांजा मंद वाटू लागतात, त्या पुन्हा लखलखीत वाटाव्यात म्हणून हात अधिक जोरात पडतो आणि थकलेला कान आणखी थकतो.

अशाच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे उदाहरण बोलके आहे. शेजाऱ्यांनी सोसायटीकडे तक्रार केल्यावर त्याने खिडकीला आणि दाराला जुन्या गाद्या बांधल्या, कानांत कापसाचे बोळे घातले आणि आता कोणालाच त्रास नाही अशा समाधानात सराव दुप्पट केला. शेजाऱ्यांचा त्रास खरोखर कमी झाला. परंतु दोन हातांवरच्या स्नेअरचा आवाज गादीपर्यंत पोहोचण्याच्या आधी कानात पोहोचत होता आणि कापूस तर आवाज नावापुरताच अडवतो. त्याला दवाखान्यात आणले ते त्याच्या आईने, कारण स्वयंपाकघरातून मारलेल्या प्रत्येक हाकेला तो ‘काय?’ असे विचारू लागला होता. श्रवणतपासणीच्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्रॅममध्ये, दोन्ही कानांची रेषा ४००० हर्ट्झपाशी खोल उतरून ८००० हर्ट्झला पुन्हा वर आलेली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण होय. त्याचा पहिला प्रश्न कोणते थेंब घालू हा होता आणि थेंबांनी यात काहीही होत नाही हे ऐकून तो नाराज झाला. योग्य कर्णरोधक वापरून पुढेही वाजवत राहिलेल्या या मुलाच्या नंतरच्या तपासणीत ती दरी अधिक खोल गेलेली नव्हती, एवढे मात्र सांगता येते.

धोक्याच्या खुणा आता पाहू. सरावानंतरची शिटी किंवा गुंजारव, ज्याला कर्णनाद म्हणतात, दोन दिवसांनंतरही टिकून असेल, तर तपासणी पुढे ढकलू नये. फोनवर ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गल्लत होणे, घरातील दूरचित्रवाणीचा आवाज इतरांना असह्य होईल इतका वाढवावा लागणे, लग्नसमारंभात बोलणे ऐकू येऊनही न उमजणे, भांड्यांचा खणखणाट पूर्वी नव्हता इतका असह्य होणे किंवा एकच सूर दोन कानांना वेगवेगळा लागणे, या सर्व खुणा श्रवणतपासणीस पुरेशा आहेत. कर्णनाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा त्याच्या जोडीला गरगरत असेल, तर त्याचे कारण ड्रमव्यतिरिक्त काही असण्याची शक्यता असते आणि ते शोधणे वैद्याचे काम आहे. कधीतरी एखाद्या मोठ्या कार्यक्रमानंतर शिटी वाजली आणि दुसऱ्या दिवशी थांबली, एवढ्यावरून बहिरेपणाच्या धास्तीने झोप उडवून घेण्याचे मात्र कारण नाही. ती कानाने दिलेली सूचना आहे आणि ती वेळीच ऐकली तर बहुधा तेवढ्यावरच भागते.

यानंतर उपचारांच्या नावाखाली जे चालते त्याकडे वळणे भाग आहे. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडल्याने बाह्य कानाची त्वचा भाजते आणि पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जाते. ज्या रोमपेशींना इजा झालेली असते त्या पडद्यापलीकडे हाडाच्या कोशात असतात आणि तेलाचा एक थेंबही तेथवर पोहोचत नाही. रस्त्यावर बसून कानातून मळ काढून देणाऱ्यांच्या सळईने कानाचे पडदे फाटल्याची उदाहरणे तज्ज्ञांना नवी नाहीत. कानात पेटती मेणबत्ती धरण्याच्या प्रकाराबद्दल तर अधिक लिहिणे जागेचा अपव्यय ठरेल. औषधांच्या दुकानातून कोणीतरी सुचवली म्हणून चक्कर थांबवणारी गोळी महिनोन्‌महिने घेणारेही भेटतात. काही जण मनगट दुखते म्हणून वेदनाशामके परस्पर खात असतात आणि ॲस्पिरिनची मात्रा मोठी झाली की तीच गोळी कर्णनाद निर्माण करते, याची त्यांना कल्पना नसते.

उपाय स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित तो कोणाला खरा वाटत नाही. फोमचे कर्णरोधक बोटांत वळून बारीक करावे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, रोधक आत सरकवावा आणि तो फुगून बसेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. अर्धवट खोचलेला रोधक जवळजवळ निरुपयोगी असतो आणि ‘फोमने फरक पडत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो तसाच खोचलेला असतो. फोममुळे झांजांचा तार सूर अधिक दबतो आणि संगीत गढूळ वाटते, ही वादकांची कुरकूर रास्त आहे. त्यासाठी सर्व सूर साधारण सारखेच कमी करणारे, गाळणी बसवलेले वादकांचे कर्णरोधक मिळतात. आवाज रद्द करणारे हेडफोन विमानाच्या सततच्या घरघरीवर चांगले चालतात, काठीच्या अचानक दणक्यावर मात्र त्यांची भिस्त ठेवू नये.

सरावाचा मोठा भाग ड्रमसेटवर व्हावा असेही नाही. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ हे १९३५ मधील पुस्तक आजही जगभर वापरले जाते आणि त्यातील उजव्या-डाव्या हाताचे पाठ रबरी प्रॅक्टिस पॅडवर, लयदर्शकाच्या ठोक्याबरोबर, शेजारच्या खोलीतही ऐकू न जाता करता येतात. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटने शेजारी सुखावतात, वादकाचा कान मात्र हेडफोनची कळ कोठवर फिरवली आहे यावरच अवलंबून राहतो. हातांविषयी थोडक्यात एवढेच, की अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखणे किंवा रात्री अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत मुंग्या येणे हे हात तयार होत असल्याचे लक्षण नव्हे. पकड सैल करावी, दोन-चार दिवस थांबावे आणि तरीही राहिले तर दाखवावे.

ढोल-ताशा पथकांबद्दल येथे लिहिणे अस्थानी होणार नाही, कारण गणेशोत्सवाच्या आधीचे कित्येक आठवडे पुण्यात नदीकाठी सराव करणारी मुले-मुलीदेखील बरेचसे पाहूनच शिकतात. ढोलाच्या दोरीने आणि टिपरूने हातांना फोड येतात म्हणून पट्ट्या गुंडाळण्याची काळजी तेथे आवर्जून घेतली जाते. ताशाची कडकडीत थाप ज्या कानांवर तासन्‌तास आदळते, त्यांच्यात मात्र फारच थोडे जण काही घालतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतात आणि त्यावरून दरवर्षी वाद झडतात. तो सगळा वाद ऐकणाऱ्यांच्या कानांचा असतो, वाजवणाऱ्याच्या कानांचा विचार त्यात फारसा कोणी करत नाही. मिरवणुकीत पथकापुढे खांद्यावर बसवलेल्या लहान मुलांच्या कानांचा तर मुळीच नाही.

ज्यांनी वाद्य नुकतेच हाती घेतले आहे त्यांनी प्रारंभीच एकदा श्रवणतपासणी करून तो आलेख जपून ठेवावा आणि पुढे वर्षातून एकदा नवा काढून त्याच्याशी ताडून पाहावा, कारण सुटा आलेख जे सांगत नाही ते दोन आलेखांतील फरक सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी सराव करू नये, अन्यथा थकलेल्या कानाचे मोजमाप हाती येते. कर्णनाद जडलाच असेल त्यांनी पूर्ण शांततेत झोपण्याऐवजी पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज ठेवावा, म्हणजे शिटीकडे लक्ष कमी जाते. बहुतेकांचा त्रास अशा साध्या उपायांनी आणि समुपदेशनाने सुसह्य होतो, वाजवणेही सोडावे लागत नाही. मात्र एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येणे अचानक बंद झाले, तर ते दडे आहेत, मळ आहे किंवा सर्दी आहे असे समजून आठवडा काढू नये. या विकारात स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणे परतण्याची आशा अधिक असते आणि दोन आठवडे उलटल्यावर ती बरीच कमी होते, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.