कोड वाचा, मग पैसे द्या

कोलशेत हे ठाण्याच्या खाडीकाठचे जुने गाव. कोळी आणि आगरी लोकांची इथे मूळ वस्ती. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली. आज कोलशेत त्याच पालिकेत आहे. गावाच्या आजूबाजूला उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. गल्लीत मासळीवाली अजून येते. पण आता पाठीवर मोठी पिशवी घेतलेला पोऱ्याही येतो. मोबाइलवरून मागवलेले सामान तो घरोघर पोचवतो.

या धड्यात आपण नेलपॉलिशची खरेदी पाहू. कोणी म्हणेल, "नखांचा रंग तो केवढा, आणि त्याचा धडा कशाला?" पण वस्तू लहान असली की हिशोब नीट कळतो. ज्याला नेलपॉलिशचा हिशोब जमला, त्याला पंख्याचा जमेल, कपाटाचाही जमेल. म्हणून हा धडा बायांसाठी आहे, तसाच बाप्यांसाठीही आहे.

१. दुकान हातात आले

नखे रंगवणे आपल्याला नवे नाही. मेंदी आपल्या आज्या-पणज्याही लावत. बाटलीतला रंग मात्र पुढे आला. १९५२ साली टाटांच्या तेल कंपनीने लॅक्मे नावाची कंपनी काढली. लॅक्मे हे लक्ष्मी या नावाचे फ्रेंच रूप आहे. आज ही कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आहे.

पुढे दुकानेच मोबाइलवर आली. २०१२ साली मुंबईत फाल्गुनी नायर यांनी नायका नावाचे दुकान सुरू केले. हे नाव नायिका या शब्दावरून घेतले. अशी आणखीही दुकाने आहेत. त्यांत दीड-दोनशे ते तीनशे रुपयांपर्यंतची, म्हणजे मध्यम किमतीची नेलपॉलिश भरपूर मिळते.

या दुकानात दुकानदार समोर नसतो. तिथे घासाघीस करता येत नाही. घासाघिशीच्या जागी तिथे असतो कोड.

२. सवलतीचा कोड म्हणजे काय?

कोड म्हणजे काही अक्षरे आणि आकडे. ते बहुधा इंग्रजी मोठ्या लिपीत असतात. पैसे देण्याच्या पानावर एक चौकट असते. तिच्यावर 'कूपन' किंवा 'प्रोमो कोड' असे लिहिलेले असते. तिथे कोड लिहायचा आणि 'अप्लाय' हे बटण दाबायचे. कोड चालला तर बिलाचा आकडा लगेच कमी होतो. आकडा बदलला नाही, तर कोड चालला नाही असे समजावे.

इंग्रजी 'ओ' आणि शून्य सारखेच दिसतात. एक अक्षर चुकले तरी कोड चालत नाही. म्हणून कोडावर बोट दाबून ठेवावे. 'कॉपी' असा शब्द येतो. तो दाबावा, आणि मग चौकटीत बोट दाबून 'पेस्ट' करावे.

कोडाच्या खाली बारीक अक्षरांत अटी असतात. खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. चार अटी नेहमी शोधाव्या:

किती रुपयांच्या वर खरेदी केली तर सूट मिळते?
जास्तीत जास्त किती रुपये सुटतात?
कोड कोणत्या तारखेपर्यंत चालतो?
तो सगळ्यांना आहे, की फक्त पहिल्या खरेदीला?

एका मागणीला बहुधा एकच कोड चालतो. दोन कोड असतील तर दोन्ही घालून पाहावे. ज्याने बिल जास्त उतरेल तो ठेवावा.

३. आधी वाटा पाहा

बाजारात आपण मासळीचा वाटा घेतो. तेव्हा नुसता भाव विचारत नाही. वाट्यात किती नग आहेत, केवढे आहेत, हेही पाहतो. नेलपॉलिशचेही तसेच करावे.

बाटलीवर माप लिहिलेले असते. ते मिलिलिटरमध्ये असते. समजा, एक बाटली २४० रुपयांची आहे आणि तिच्यात ८ मिलिलिटर रंग आहे. म्हणजे एक मिलिलिटर ३० रुपयांना पडला. दुसरी बाटली १९८ रुपयांची आहे, पण तिच्यात रंग ६ मिलिलिटरच आहे. म्हणजे एक मिलिलिटर ३३ रुपयांना पडला. स्वस्त दिसणारी बाटली महाग निघाली.

पण आणखी एक विचार करावा. नेलपॉलिश पडून राहिली की बाटलीत घट्ट होते. सणालाच लावत असाल, तर लहान बाटली बरी. टाकून दिलेला रंग कितीही स्वस्त असला, तरी तो महागच.

४. वाचले किती? शंभर की पंधरा?

आता एक घर घेऊ. घरात लग्न आहे. आगरी-कोळ्यांच्या घरची हळद म्हणजे मोठा थाट. त्यासाठी वहिनीला आणि नणंदेला नेलपॉलिश हवी आहे. एका बाटलीवर छापील किंमत २५० रुपये आहे. नणंद मोबाइल घेऊन आली.

"वहिनी, कोड मिळाला. वीस टक्के सूट आहे. दोन बाटल्यांचे पाचशे होतात. म्हणजे शंभर रुपये वाचले!"

वहिनी म्हणाली, "थांब गो बाय. खालचे बारीक अक्षर वाच आधी."

नणंदेने वाचले. खरेदी किमान ४९९ रुपयांची हवी. ती तर ५०० रुपयांची होती. पण पुढची ओळ होती, 'जास्तीत जास्त सूट ७५ रुपये'. म्हणजे शंभर नाही, पंचाहत्तरच सुटणार. बिल ४२५ रुपयांवर आले. त्याखाली आणखी एक ओळ होती. सूट जाऊन बिल ४९९ च्या खाली आले, तर घरपोच करण्याचे ४० रुपये पडतील. म्हणजे एकूण ४६५ रुपये.

वहिनीने विचारले, "नाक्यावरचा दुकानदार काय घेतो?"

"तो बाटलीमागे दहा रुपये सोडतो. दोनशे चाळीसला देतो. दोनचे चारशे ऐंशी."

४८० वजा ४६५. राहिले १५. शंभर रुपये वाचणार होते, ते खरे पंधरा निघाले. आणि एकच बाटली मागवली असती, तर कोड चाललाच नसता. २५० अधिक ४० म्हणजे २९० रुपये पडले असते. नाक्यावर तीच बाटली २४० ला होती. म्हणजे उलट ५० रुपये जास्त गेले असते.

मग वहिनीने युक्ती काढली. शेजारच्या दोघींनाही नेलपॉलिश हवी होती. चौघींची मागणी एकत्र केली. चार बाटल्यांचे १,००० रुपये झाले. दुसरा एक कोड होता. त्यात ९९९ च्या वर खरेदी केली की सरळ १५० रुपये कमी होत. बिल ८५० वर आले. घरपोच करण्याचे पैसे पडले नाहीत. एक बाटली २१२ रुपये ५० पैशांना पडली. नाक्यावर चार बाटल्यांचे ९६० झाले असते. म्हणजे चौघींचे मिळून ११० रुपये वाचले. ही खरी बचत.

इथे ध्यानात घ्या. चौघींनाही बाटली हवीच होती, म्हणून ती बचत झाली. १५० रुपये सुटावेत म्हणून एकटीनेच चार बाटल्या घेतल्या असत्या, तर तो ८५० रुपयांचा खर्च झाला असता. कोडासाठी वस्तू घेऊ नये. वस्तूसाठी कोड शोधावा.

५. कायदा आपल्या बाजूला आहे

वस्तूवर जी छापील किंमत असते, ती सर्व कर धरून असते. त्याहून जास्त किंमत कोणालाही घेता येत नाही. मोबाइलवरच्या दुकानालाही वस्तूची छापील किंमत आणि माप दाखवावे लागते. घरपोच करण्याचे पैसे वेगळे असू शकतात, पण ते आधी सांगावे लागतात.

२०१९ साली नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०२० साली मोबाइलवरच्या दुकानांसाठी त्याचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे ग्राहकाची संमती ग्राहकानेच द्यायची असते. आधीच खूण करून ठेवलेली चौकट चालत नाही. २०२३ साली सरकारने आणखी काही लबाड्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे ही एक लबाडी. 'फक्त पाच मिनिटे उरली' अशी खोटी घाई करणे ही दुसरी.

म्हणून पैसे देण्याआधी बिलाची ओळ न् ओळ वाचावी. आपण न मागितलेले काही दिसले, तर ते काढून टाकावे.

६. तीन कोड, तीन रीती

कोड हा शब्द एक, पण त्याच्या जाती वेगळ्या. इथे गोंधळ झाला तर पंधरा रुपये नाही, घरची सगळी पुंजी जाते.

पहिला, पिनकोड. हा पोस्टाचा सहा आकडी क्रमांक आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने ही पद्धत बसवली. हा कोड पत्त्यात लिहायचाच. तो कोणालाही सांगितला तरी चालतो.

दुसरा, सवलतीचा कोड. हाही सांगायला हरकत नाही. शेजारणीला सांगा, तिचेही चार पैसे वाचतील.

तिसरा, बँकेचा पिन आणि बँकेचा ओटीपी. हा कोणालाही सांगायचा नाही. मुलाच्या मित्राला नाही, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. पैसे देताना पिन लागतो. पैसे मिळायला पिन कधीच लागत नाही. "सवलतीचे पैसे परत पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हणाला, तर तो ठग समजावा.

कधी पार्सल आणणारा पोऱ्याही ओटीपी विचारतो. तो पार्सल पोचल्याचा ओटीपी असू शकतो. मग ओळखायचे कसे? संदेश पुरा वाचून. ओटीपी कशासाठी आहे, ते संदेशातच लिहिलेले असते. त्यात पैसे, बँक किंवा रुपयांचा आकडा दिसला, तर तो ओटीपी देऊ नये.

'नव्वद टक्के सूट' असा संदेश अनोळखी नंबरावरून आला, तर त्यातली लिंक दाबू नये. दुकानाचे ॲप आपण स्वतः उघडावे आणि कोड तिथे पाहावा. खराच कोड असेल, तर तो तिथे चालेल.

७. पार्सल आल्यावर

पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. बाटली फुटकी निघाली तर पुरावा राहतो. बाटलीवर किंवा खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव, माप, किंमत, बॅच नंबर आणि तारीख पाहावी. झाकण उघडलेली नेलपॉलिश दुकाने बहुधा परत घेत नाहीत. म्हणून आधी वाचावे, मग उघडावे. पडद्यावरचा रंग आणि बाटलीतला रंग यांत थोडा फरक पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

नेलपॉलिश पटकन पेट घेते. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा दिव्याजवळ ती लावू नये. पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

माल चुकीचा आला तर आधी दुकानाकडे तक्रार करावी. दुकानाने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. तसे झाले नाही, तर १९१५ हा ग्राहकांचा नंबर फिरवावा. पैसेच चोरीला गेले, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

मंडळी, पूर्वी अंगठा उठवून घेणारा सावकार कागद वाचून दाखवत नसे. आज मोबाइलवर बोट दाबले की तोही अंगठाच झाला. फरक एवढाच की आता कागद आपल्या हातात आहे, आणि आपल्याला वाचता येते. मग न वाचता बोट का दाबावे?

लक्षात ठेवा

किती सुटले ते पाहू नका. शेवटी किती द्यायचे ते पाहा.
बारीक अक्षर आधी वाचा.
नाक्यावरचा भाव विचारल्याशिवाय मागणी करू नका.
सवलतीचा कोड सर्वांना सांगा. बँकेचा पिन कोणालाच सांगू नका.

अभ्यास

१. एका बाटलीची किंमत ३०० रुपये आहे. कोडाने १० टक्के सूट मिळते. घरपोच करण्याचे ४० रुपये पडतात. एकूण किती रुपये द्यावे लागतील? नाक्यावर तीच बाटली २९० ला मिळाली, तर कुठे घ्याल?
२. पिनकोड आणि बँकेचा पिन यांत फरक काय?
३. तुमच्या घरातली कोणतीही बाटली घ्या. तिच्यावरची छापील किंमत, माप आणि तारीख शोधून वहीत लिहा.
४. १९१५ आणि १९३० हे नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. कोणता नंबर कशासाठी, तेही लिहा.